आकडा आला कुठून? शाळेतील व्यवसाय आणि माहिती तंत्रज्ञान या विषयांबद्दल

१४ ते १८ या वयातील विद्यार्थ्यांना व्यवसाय आणि माहिती तंत्रज्ञान हे विषय शिकवावेत की नाही, यावर आता फारसे कोणी भांडत नाही. निरनिराळ्या देशांच्या शालेय अभ्यासक्रमांत ते कोणत्या ना कोणत्या नावाने आलेले आहेत, कुठे स्वतंत्रपणे, तर कुठे दोन्ही मिळून एकच विषय म्हणून. ज्यावर खरोखर भांडायला हवे ते मात्र राहून जाते, ते म्हणजे या तासांमध्ये नेमके काय शिकवायचे. मी हिशेबलेखन शिकवते आणि संगणकाचे तासही घेते. या दोन वर्गांमधली भिंत मला वर्षागणिक अधिक खटकू लागली आहे. माझे म्हणणे असे आहे की या अभ्यासक्रमाचा गाभा ‘नोंद’ हा असला पाहिजे. पडद्यावर एखादा आकडा दिसतो तेव्हा तो कुठून आला, कोणी लिहिला, मध्ये कोणी बदलला का, तो चुकला असेल तर कसे ओळखायचे आणि त्याच्या आधारे निर्णय कोण घेणार आहे, हे विचारण्याची सवय विद्यार्थ्याला लागली पाहिजे. बाकीचे सगळे त्याच्या मागून येते.

आज बहुतेक वर्गांत याच्या उलट घडते. माहिती तंत्रज्ञानाचे पाठ्यपुस्तक उघडले की कोणत्या मेनूत कोणते बटण आहे याची वर्णने सापडतात, आणि पुस्तक छापून हाती येईपर्यंत त्या सॉफ्टवेअरची आवृत्ती बदललेली असते. व्यवसायाच्या पुस्तकात व्यवस्थापनाची कार्ये, विपणनाची वैशिष्ट्ये, भागीदारीचे फायदे आणि तोटे असे मुद्दे पाठ करायला दिलेले असतात. पण एखाद्या चालत्या उद्योगाची वही कशी दिसते, त्यात एका दिवसात काय काय घडते, हे विद्यार्थ्याने कधी पाहिलेले नसते. त्यामुळे ज्याला स्प्रेडशीटमध्ये रंगीत आलेख काढता येतो त्याला उधारीवर झालेली विक्री आणि हाती आलेली रोकड यांतला फरक सांगता येत नाही. आणि ज्याला तो फरक व्याख्येसकट पाठ आहे, तो हजार ओळींची यादी समोर आली की गोंधळून जातो. दोघांचाही यात काही दोष नाही. आपण त्यांना ज्ञानाची अर्धी अर्धी बाजू दिलेली आहे.

वास्तविक या दोन विषयांचा जन्मच एकमेकांच्या सहवासात झालेला आहे. ज्या स्प्रेडशीटशिवाय आज कोणत्याही कार्यालयाचे पान हलत नाही, तिची कल्पना डॅन ब्रिकलिन यांना १९७८ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकत असताना सुचली. फळ्यावर मांडलेल्या आर्थिक तक्त्यात एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले बाकीचे सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत, आणि हे काम यंत्राने आपोआप करावे, असे त्यांना वाटले. बॉब फ्रँकस्टन यांच्यासह त्यांनी ते साकारले आणि १९७९ मध्ये ‘व्हिझिकॅल्क’ बाजारात आले. ॲपल-२ हा घरगुती संगणक व्यावसायिकांनी विकत घेण्यामागे हा एक कार्यक्रम मोठे कारण ठरला. व्यवसायाची अडचण नेमकी ठाऊक असलेला आणि प्रोग्रॅम लिहू शकणारा असा माणूस होता, म्हणून ही वस्तू निर्माण झाली. आपण मात्र त्याच वस्तूचा उपयोग शिकवताना अडचण बाजूला ठेवतो आणि बटणे शिकवतो.

हिशेबलेखनातली सर्वांत सुंदर गोष्ट कोणती, असे मला विचारले तर मी दुहेरी नोंद असे उत्तर देईन. व्हेनिसचे व्यापारी वापरत असलेली ही पद्धत लुका पाचोली यांनी १४९४ साली आपल्या गणितग्रंथात छापून सर्वांसमोर मांडली. प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहायचा, एकदा नावे (डेबिट) आणि एकदा जमा (क्रेडिट), म्हणजे शेवटी दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आली पाहिजे. तेरीज, म्हणजे सर्व खात्यांच्या शिलकांचा दोन बाजूंचा तक्ता, जुळली की मुलांना फार आनंद होतो, आणि तो व्हायलाही हवा. पण खरा धडा तिथून पुढे सुरू होतो. एखादा व्यवहार मुळात लिहिलाच नसेल तरी तेरीज जुळते. यंत्रसामग्रीची खरेदी चुकून दुरुस्तीच्या खात्यात टाकली तरी तेरीज जुळते. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकणाऱ्या असतील तरीही ती जुळते. बेरीज जुळणे आणि हिशेब खरा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सोळाव्या वर्षी कळलेला माणूस पुढे कोणत्याही संगणकाच्या हिरव्या खुणेवर डोळे मिटून विश्वास ठेवणार नाही.

तेरीज जुळत नाही तेव्हा तर शिकण्यासारखे आणखी बरेच काही असते. जुने कारकून फरकाची रक्कम बघूनच चूक कुठल्या जातीची असावी याचा अंदाज बांधत. फरकाला २ ने भाग जात असेल तर त्याच्या निम्मी रक्कम चुकीच्या बाजूला तर गेलेली नाही ना, हे आधी पाहायचे, कारण नावेची रक्कम जमेला लिहिली की फरक दुप्पट पडतो. फरकाला ९ ने निःशेष भाग जात असेल तर कुठेतरी दोन अंकांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता धरायची. ५४७ ऐवजी ५७४ लिहिले गेले तर फरक २७ येतो, म्हणजे ९ ची ३ पट. असे का होते हे बीजगणित शिकलेल्या मुलाला दोन ओळींत सिद्ध करता येते: शेजारचे दोन अंक ‘अ’ आणि ‘ब’ असतील तर १०अ + ब आणि १०ब + अ यांतला फरक नेहमी ९(अ – ब) एवढाच असतो. मी हे फळ्यावर लिहिते तेव्हा गणिताला घाबरणारी मुलेही पुढे सरसावतात, कारण त्यांच्या हातात अचानक एक तपासाचे हत्यार आलेले असते.

याच ठिकाणी माहिती तंत्रज्ञानाचा तास सुरू व्हायला हवा. माणूस अंक लिहिताना जी चूक करतो तीच पकडण्यासाठी आयबीएम या संगणक कंपनीतील हान्स पीटर लुन यांनी एक रीत शोधली आणि १९५४ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. आज बँकांच्या कार्डांच्या क्रमांकांमध्ये ती वापरली जाते. क्रमांकाचा शेवटचा अंक हा तपासणीचा अंक असतो: उजवीकडून दुसऱ्या अंकापासून सुरुवात करून एक सोडून एक अंक दुप्पट करायचा, दुप्पट केल्यावर दोन अंकी संख्या आली तर तिच्या अंकांची बेरीज घ्यायची, मग सगळ्यांची एकूण बेरीज करायची, आणि तिला १० ने भाग गेला पाहिजे. एखादा अंक चुकला तर ही रीत तो हमखास पकडते. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली तरी पकडते, अपवाद फक्त ०९ आणि ९० यांचा. संकेतस्थळावर कार्डाचा क्रमांक चुकीचा टाकला की बँकेला न विचारताच तो नाकारला जातो, त्यामागे बहुधा हीच बेरीज असते. ही तपासणी मुलांना आधी कागदावर करायला द्यावी, मग स्प्रेडशीटमध्ये सूत्राने, आणि शेवटी पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत दहाबारा ओळींत. रोजकीर्दीपासून, म्हणजे रोजच्या व्यवहारांच्या पहिल्या वहीपासून, प्रोग्रॅमिंगपर्यंतचा हा प्रवास एकाच आठवड्यात होऊ शकतो, आणि तो झाल्यावर हे दोन वेगळे विषय आहेत असे मुलांना पुन्हा वाटत नाही.

साधनाच्या मर्यादा माहीत असणे हा शिक्षणाचाच भाग आहे, आणि त्यासाठी उदाहरणे शोधायला दूर जावे लागत नाही. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी दैनंदिन आकडेवारीतून गळाल्या. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या स्वरूपातील फाइलमध्ये भरली जात होती, आणि त्या स्वरूपात एका पानावर ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. एकेका रुग्णाची माहिती अनेक ओळी व्यापत असल्यामुळे मर्यादा लवकर संपली आणि पुढच्या नोंदी कोणालाही न कळता गळून पडल्या. ज्यांच्या संपर्कातील लोकांना तातडीने सावध करायचे होते अशीच ही माणसे होती, म्हणून या चुकीला केवळ तांत्रिक म्हणता येत नाही. वर्गात मी विचारते की ६५,५३६ हीच संख्या का? कोणीतरी २ चा घात मांडू लागते आणि १६ व्या घाताला थांबते. मग नव्या स्वरूपातील १०,४८,५७६ ही मर्यादा २ चा २० वा घात आहे, हे ते स्वतःच शोधून काढतात. द्विमान संख्यापद्धतीचे प्रकरण एरवी रुक्ष वाटते. त्याचा संबंध माणसांच्या जिवाशी पोहोचू शकतो हे कळले की ते तसे राहत नाही.

असेच दुसरे उदाहरण जनुकांच्या नावांचे आहे. मार्च-१ किंवा सेप्ट-१ अशी संक्षिप्त नावे स्प्रेडशीटमध्ये लिहिली की ती तारखा समजून आपोआप बदलली जात आणि शोधनिबंधांच्या तक्त्यांत तशीच राहत. अखेर २०२० मध्ये नामकरण समितीने जनुकांचीच नावे बदलली. विज्ञानाने सॉफ्टवेअरपुढे मान तुकवावी हे मला आवडलेले नाही, पण ‘सेलचा प्रकार मजकूर ठेवा’ ही सूचना पाठ करून घेण्यापेक्षा हा प्रसंग सांगणे अधिक उपयोगी पडते.

यापेक्षाही विद्यार्थ्यांना जवळची वाटणारी घटना २०१३ सालची आहे. सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांच्या संबंधावर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला दोन नामवंत अर्थशास्त्रज्ञांचा निबंध अनेक देशांतील धोरणचर्चेत आधार म्हणून वापरला जात होता. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्न्डन या पदव्युत्तर विद्यार्थ्याला अभ्यासाचा भाग म्हणून तो निष्कर्ष पुन्हा काढून पाहायचा होता, आणि तो काही केल्या येईना. मूळ फाइल मिळाल्यावर दिसले की सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी निवडायच्याच राहिल्या होत्या. त्या निबंधावरचे इतर आक्षेप, म्हणजे काही वर्षे वगळणे आणि देशांना दिलेले भार, हे परिणामाच्या दृष्टीने याहून मोठे होते आणि त्यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले. तरीही एका विद्यार्थ्याने मूळ फाइल मागितली, ती उघडली आणि सूत्र वाचले, ही गोष्ट मला अमूल्य वाटते. आपल्या वर्गात आपण सूत्र लिहायला शिकवतो. दुसऱ्याने लिहिलेले सूत्र वाचायला कधी शिकवतो?

हे सगळे एकत्र कुठे येते, आणि ते न शिकवल्याची किंमत किती मोठी असू शकते, हे समजण्यासाठी ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसमधील होरायझन प्रकरण प्रत्येक वरच्या वर्गात अभ्यासले जावे असे मी आग्रहाने म्हणेन. १९९९ पासून तिथल्या शाखांमध्ये फुजित्सू कंपनीची होरायझन ही संगणकीय हिशेबप्रणाली बसवली गेली. शाखा चालवणाऱ्यांच्या हिशेबात ती अशी तूट दाखवू लागली जी प्रत्यक्षात घडलेलीच नव्हती. करारानुसार तूट त्यांनी स्वतः भरायची होती. अनेकांनी घरादाराचे पैसे घातले, अनेकांचे दिवाळे निघाले, काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जण चोरी आणि खोटे हिशेब यांसारख्या आरोपांखाली दोषी ठरले, आणि त्यांतले बहुतेक खटले पोस्ट ऑफिसने स्वतःच चालवलेले होते. इंग्लंडमध्ये न्यायालयांचे गृहीतक असे की उलट काही दिसले नाही तर संगणक नीट चालतो आहे असेच मानायचे. एका शाखेचे माजी चालक ॲलन बेट्स यांच्या नेतृत्वाखाली ५५५ जणांनी दावा लढवला, तेव्हा २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीत दोष असल्याचे स्पष्ट केले, आणि २०२४ मध्ये संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

या प्रकरणात हिशेबलेखनाचे प्रत्येक तत्त्व मोडलेले दिसते. ज्याच्यावर जबाबदारी होती त्याला मूळ नोंदींपर्यंत पोहोचून तूट कुठे निर्माण झाली हे पाहण्याची सोय नव्हती. कंपनीच्या माणसांना दुरून शाखेच्या हिशेबात शिरता येत होते, आणि तसे येतच नाही असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. रोकड सांभाळणारा आणि वही लिहिणारा वेगळा असावा, केलेली नोंद खोडू नये, चूक दुसऱ्या नोंदीने दुरुस्त करावी आणि प्रत्येक बदलाचा माग राहावा, हे नियम आपण अकाउंट्सच्या तासाला परीक्षेपुरते शिकवतो. हेच नियम डेटाबेस तयार करणाऱ्याला, तो विकत घेणाऱ्या व्यवस्थापकाला आणि त्यावर निकाल देणाऱ्याला मनापासून पटलेले असते, तर इतकी माणसे उद्ध्वस्त झाली नसती असे मला ठामपणे वाटते. आपल्या वर्गातली मुले उद्या या तिन्हींपैकी कोणत्याही जागी बसलेली असतील.

अभ्यासक्रम बदलताना एक धोकाही लक्षात ठेवला पाहिजे. इंग्लंडमध्ये आयसीटी (माहिती आणि संप्रेषण तंत्रज्ञान) हा विषय कार्यालयीन सॉफ्टवेअरपुरता उरला आहे अशी टीका वाढली, रॉयल सोसायटी या ब्रिटनच्या विज्ञानसंस्थेने २०१२ च्या अहवालात तसेच सांगितले, आणि सप्टेंबर २०१४ पासून त्याच्या जागी कंप्युटिंग आले. प्रोग्रॅमिंगला मानाचे स्थान मिळाले हे योग्यच झाले. पण जुनी आयसीटी परीक्षा बंद झाल्यावर तो विषय घेणाऱ्यांपैकी सर्व जण कंप्युटर सायन्सकडे वळले नाहीत, आणि वळलेल्यांत मुलींचे प्रमाण पूर्वीपेक्षा बरेच कमी राहिले. माहितीचा उपयोग माणसांच्या कामासाठी कसा होतो, ही बाजू वगळून फक्त यंत्राची बाजू ठेवली की विद्यार्थ्यांचा एक मोठा गट दाराबाहेरच थांबतो. म्हणून व्यवसाय आणि तंत्रज्ञान एकत्र ठेवण्यात मला सोयीपेक्षा न्यायाचा भाग अधिक दिसतो.

मी स्वतः वर्गात जो क्रम पाळते तो साधा आहे. मुलांनी शाळेच्या एखाद्या खऱ्या उपक्रमाचा हिशेब आधी कागदावर लिहायचा, पावतीपासून रोजकीर्दीत, रोजकीर्दीतून खतावणीत, म्हणजे खातेवार वहीत, आणि तिथून तेरजेपर्यंत. हात दुखतो, कंटाळा येतो, आणि त्या कंटाळ्यातूनच यंत्र कशासाठी हवे हे कळते. नंतर तोच हिशेब स्प्रेडशीटमध्ये जातो. तिथे एकाच माणसाचे नाव तीन प्रकारे लिहिले गेल्यामुळे त्याची येणी तीन तुकड्यांत विभागलेली दिसतात, आणि मग डेटाबेस शिकवण्याची वेळ आलेली असते. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेली रिलेशनल रचना मोठ्या शब्दांत सांगायची गरज पडत नाही. ग्राहकाचे नाव एकाच टेबलमध्ये एकदाच लिहू, त्याला क्रमांक देऊ आणि बाकी सगळीकडे फक्त तो क्रमांक वापरू, ही सूचना वर्गातलेच कोणीतरी करते. एसक्यूएल या डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेतली पहिली क्वेरी त्यांना आज्ञा म्हणून शिकवावी लागत नाही, कारण विचारायचा प्रश्न त्यांच्या मनात आधीच तयार असतो.

यावर पालकांचा एक आक्षेप मी नेहमी ऐकते, की नोकरीच्या ठिकाणी अमुक सॉफ्टवेअर येते का हेच विचारतात, मग कागदावर वेळ का घालवायचा. त्यांची काळजी खोटी नाही. ते सॉफ्टवेअर जरूर शिकवावे, पण त्याला काही आठवडे पुरतात, आणि ज्याला खतावणी कळते तो कोणतेही हिशेबाचे सॉफ्टवेअर लवकर आत्मसात करतो. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे तर बटणांच्या ज्ञानाचे मोल आणखी घसरले आहे. हवे ते सूत्र आज साध्या भाषेत मागता येते आणि ते क्षणात मिळतेही. ते बरोबर आहे का, त्यात पाच ओळी राहून तर गेल्या नाहीत ना, हे मात्र मागणाऱ्यालाच ठरवावे लागते. हे विषय अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांसाठी आहेत, असाही एक समज असतो. तो मला मनापासून दुखावतो, कारण वर सांगितलेल्या एकाही प्रश्नाला बुद्धी कमी लागत नाही.

खरी अडचण शिक्षकांची आणि परीक्षेची आहे. दोन्ही विषयांत मुरलेले शिक्षक थोडेच असतात, त्यामुळे निदान आठवड्यातून एक तास दोन्ही शिक्षकांनी एकत्र घ्यावा, एवढी तरी सोय वेळापत्रकात करता आली पाहिजे. परीक्षेत कोणते बटण कुठे आहे असे प्रश्न असतील तर वर्गातही तेच शिकवले जाईल, यात शिक्षकाला दोष देता येणार नाही. म्हणून प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येक विद्यार्थ्याला एका लहान उद्योगाची तयार फाइल द्यावी, तिच्यात जाणूनबुजून चुका पेरलेल्या असाव्यात: एक राहून गेलेली पावती, एक अदलाबदल झालेली रक्कम, एक अपुरी निवड केलेले सूत्र, एक तारीख बनून गेलेला संकेतांक. चुका शोधण्याला निम्मे गुण द्यावेत, आणि उरलेले निम्मे त्या चुकांमुळे मालकाचा कोणता निर्णय चुकला असता हे स्वतःच्या शब्दांत एका पानात लिहिण्याला द्यावेत. अशी प्रश्नपत्रिका तयार करायला आणि तपासायला जास्त वेळ लागेल, हे मान्य आहे. परीक्षा मंडळांनी तेवढ्या वेळाचे मानधन शिक्षकांना द्यावे.